मी शेवटी चालते

परवाच्या रविवारी राजगडाच्या आळू दरवाज्यातून बाहेर पडून जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, आणि माझ्या पुढे चालणाऱ्या काकांच्या उजव्या बुटाचा सोल टाचेकडून सुटला, चपलेसारखा फटक फटक वाजायला लागला. काकांनी लक्ष नाही दिलं, म्हणजे दिलं असणार पण मला कळू नये म्हणून ते पाय जोरात टाकत राहिले. मी मागून ऐकत होते. शेवटी चालणाऱ्या माणसाला पुढच्याचं तोंड दिसत नाही, त्यामुळे कान आपोआप पायांकडे लागतात, ही सवय मला आता बारा वर्षांची झालीये.

"काका, थांबा जरा."

"काही नाही हो ताई, चाललंय."

"बसा त्या दगडावर. बूट काढा."

वॉकीटॉकीवर पुढे सांगितलं की शेवटचे दोघं पाच मिनिटं थांबतायत, आणि बूट हातात घेऊन बघितला. वरून अगदी नवाकोरा. काकांनी सात वर्षांपूर्वी घेतलेला, तीनदा घातला आणि मग कपाटात ठेवून दिला. आणि इथेच लोकांचा घोळ होतो, सगळ्यांना वाटतं बूट वापरला नाही म्हणजे चांगला राहिला, पण तसं नसतं, सोलच्या आतला फोम हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो, पडून राहिलेला बूट तर जास्तच, आणि मग डोंगरावर एका दिवसात दोन्ही सोल हातात येतात. काकांच्या सोलला बोट लावलं तर आतून भुगा पडत होता, शिळ्या केकसारखा. मी माझ्या पाण्याच्या बाटलीला गुंडाळून ठेवलेली डक्ट टेप काढली, चवड्याला दोन वेढे, टाचेला दोन वेढे, आणि वरून नायलॉनची बारीक दोरी बांधली. गाठ नेहमी वरच्या बाजूला घ्यायची, खाली आली की दगडावर घासून अर्ध्या तासात तुटते. दोरी चवड्याच्या फुगीर भागाच्या जरा मागे घ्यायची, नाहीतर पाऊल वाकलं की ती पुढे सरकून निघून जाते. काका सगळं बघत होते. म्हणाले, "टायरला गेटर टाकतो तसं केलंत तुम्ही."

काका निवृत्त एसटी ड्रायव्हर. वय ६३. आमच्या ग्रुपबरोबर त्यांचा हा चौथा ट्रेक.

ग्रुप म्हणजे काही मोठी संस्था नाही. पुण्यातल्या एका टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या लोकांनी मिळून सुरू केलेला, महिन्यातून दोन रविवार, एका वेळी वीसच्या वर माणसं घ्यायची नाहीत हा नियम पहिल्यापासून. बस सांगायची, खर्च सगळ्यांत वाटून घ्यायचा, कुणी नफा करत नाही. पुढे लीडर असतो, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, वाट त्याला पाठ. मध्ये एक-दोन अनुभवी लोक. आणि सगळ्यात शेवटी मी. या ग्रुपमध्ये गेली नऊ वर्षं शेवटची जागा माझी, मीच मागून घेतलेली. बरेच जण विचारतात की तू इतके ट्रेक केलेस तर लीड का नाही करत, त्यांना वाटतं की मागे चालणं म्हणजे उरलेलं काम. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

माझी सुरुवात एका वाईट दिवसापासून झाली. २०१३ चा जुलै. तेव्हा मी नवीन होते, कुणाला ओळखत नव्हते, एका आयोजकाची जाहिरात बघून पैसे भरले आणि हरिश्चंद्रगडाला गेले. दोन बसगाड्या भरून माणसं, ऐंशीच्या आसपास. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून वर जायची वाट. ज्यांनी केलीये त्यांना माहितीये, खिंडीच्या वरचा कातळाचा टप्पा रेलिंग धरून चढलं की लोकांना वाटतं झालं, पोचलो, आणि खरी चाल तिथून पुढे सुरू होते, लहान लहान टेकड्या, मध्ये ओढे, झाडी, परत टेकडी, मंदिर काही येत नाही. आणि पावसाळ्यात तिथे धुकं इतकं खाली येतं की चार हातांवरचा माणूस दिसत नाही. मी आणि अजून एक मुलगी मागे पडलो कारण तिच्या पायाला गोळा आला होता. आम्ही थांबलो, पुढचे पुढे गेले. मागे कुणीतरी असेल असं आम्हाला वाटत होतं. मागे कुणीच नव्हतं.

एका ठिकाणी वाट दोन बाजूंना फुटली आणि आम्ही चुकीची घेतली. दोन तास. हाका मारल्या तर आवाज धुक्यात पाच फुटांवर विरून जायचा. ती मुलगी रडायला लागली, मी रडले नाही कारण ती रडत होती. शेवटी खिरेश्वरचा एक पोरगा डोक्यावर दुधाचा कॅन घेऊन वर पठारावरच्या हॉटेलाकडे चालला होता, त्याने आमचा आवाज ऐकला आणि तो वाट सोडून आमच्याकडे आला. दहावीतला असेल फार तर. म्हणाला, "तुम्ही उलट्या बाजूला चाललाय, माझ्या मागं या." आम्ही हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराशी पोचलो तेव्हा बाकी सगळे जेवत होते. आम्ही नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण मोजलंच नव्हतं. आयोजक म्हणाला, "अरे, आलात का, बसा बसा."

ते "आलात का" मी विसरलेले नाही. कोकणकडा त्या दिवशी मी बघितला नाही, केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात सगळे उतरले मी उतरले नाही, खाली आल्यावर सरळ बसमध्ये जाऊन बसले. आणि घरी आल्यावर ठरवलं की डोंगर सोडायचा नाही, पण आपण ज्या ग्रुपबरोबर जाऊ तिथे शेवटचा माणूस एकटा पडता कामा नये, आणि त्यासाठी कुणाला सांगत बसण्यापेक्षा आपणच शेवटी चालायचं.

आमच्याकडे आता पद्धत अशी आहे. गावातून निघायच्या आधी गोल करायचा, नाव, काय करता, काही त्रास आहे का, दमा, गुडघा, शुगर, जे असेल ते सांगायचं, सगळ्यांसमोर नको असेल तर मला बाजूला घेऊन सांगायचं. मग नंबर. प्रत्येकाला एक नंबर, दिवसभर तोच. दादा ओरडला "नंबर" की एकपासून सुरू, शेवटचा नंबर माझा. नवीन लोकांना हे शाळेच्या सहलीसारखं वाटतं, पण एक नंबर अडला की सगळी रांग तिथल्या तिथे थांबते, हे एकदा बघितलं की मग कुणी कुरकुर करत नाही. फाटा आला की तिथे एक माणूस उभा करायचा, मी येईपर्यंत त्याने हलायचं नाही. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, सलग वाजत राहिली तर सगळ्यांनी आहे तिथे बसायचं आणि दादाने मागे यायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम विश्रांतीचा. हे मी कुठे फारसं बोललेलं ऐकत नाही म्हणून नीट लिहिते. समजा पुढचे लोक एका सपाटीला पोचले आणि बसले. पाणी प्यायले, चिक्की खाल्ली, फोटो काढले. पंधरा मिनिटांनी शेवटचा माणूस धापा टाकत तिथे पोचतो, आणि तो दिसल्या दिसल्या पुढचे उठतात, "चला, आले सगळे, निघू या." म्हणजे जो सगळ्यात जास्त दमलाय त्याला एक मिनिटसुद्धा बसायला मिळत नाही आणि जो ताजा आहे त्याला पंधरा मिनिटं मिळतात. दिवसभर असंच चाललं तर संध्याकाळी तो माणूस पडणारच, मग सगळे म्हणणार की त्याचा स्टॅमिना नव्हता. आमच्याकडे घड्याळ शेवटचा माणूस खाली बसला की सुरू होतं. तिथून पूर्ण दहा मिनिटं. पुढच्यांना पंचवीस मिनिटं होतात, होऊ देत. हा नियम लावला त्या वर्षापासून आमच्याकडे क्रॅम्पच्या केसेस खरंच कमी झाल्या, निदान मला तरी मागून तसंच दिसतंय.

मागून बऱ्याच गोष्टी दिसतात. बडबड करणारा माणूस गप्प झाला की मी जवळ जाते. "अजून किती" विचारणारा ठीक असतो, विचारायचं बंद करणाऱ्याची काळजी. पाय उचलण्याऐवजी घासत यायला लागले म्हणजे दहा मिनिटांत ठेच लागणार. उन्हात चालताना कुणाचा घाम एकदम सुकला आणि चेहरा लाल राहिला तर सावली, पाणी, कपडे सैल करणं, ओला रुमाल मानेवर, ताबडतोब, तिथे चर्चा नाही. नुसतं पाणी ढोसणाऱ्याला इलेक्ट्रॉल द्यायचं, नाहीतर मीठ लावलेली काकडी, शेंगदाणे.

आणि एक गोष्ट बायकांसाठी. कितीतरी बायका ट्रेकला पाणीच पीत नाहीत. आदल्या रात्रीपासून कमी करतात. कारण एकच, जायचं कुठे. वाटेवर पुढेमागे पुरुष, उघडी डोंगरधार, आडोसा नाही, विचारायचं कुणाला. मी निघताना प्रत्येक बाईला आणि मुलीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगते, भरपूर पाणी प्या, माझ्यामागे कुणीही नाहीये, मला नुसती खूण करा, मी वाटेत पाठ करून उभी राहते, तुम्ही निवांत जाऊन या. शेवटी बाईमाणूस असावं असं मी म्हणते ते त्यासाठीसुद्धा. एका काकूंनी मला सांगितलं होतं की वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी डोंगरावर पोटभर पाणी प्यायलं. त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याला ते तीनदा सांगितलं.

तर परवाचा ट्रेक. राजगड-तोरणा, एका दिवसात. शनिवारी रात्री गुंजवण्यात पोचलो, मावशींच्या घरी पिठलं-भाकरी खाल्ली, ओसरीवर पडलो आणि पहाटे चारला निघालो. अठरा जण. थंडी बऱ्यापैकी. टॉर्चच्या उजेडात चोर दरवाज्याची वाट, शेवटचा रेलिंगचा खडा चढ, आणि वाकून त्या एवढ्याशा दरवाज्यातून आत गेलं की एकदम पद्मावती माची. सात वाजले होते, सुवेळा माचीच्या मागून सूर्य वर येत होता आणि सगळे गप्प झाले होते, आमच्याकडे हे फार क्वचित होतं.

माचीवर चहा घेताना काका बोटावर मोजत होते. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले ना, ते त्यांना सगळे पाठ. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. मोजून झाल्यावर म्हणाले, "आपला तोरणा नाय त्यात." ते इतक्या मनापासून म्हणाले की मी विचारलं, आपला म्हणजे, तुमचं गाव तिकडचं का? तर नाही. गाव बारामतीकडे. पण स्वारगेट-वेल्हे मुक्कामी गाडी त्यांनी कितीतरी वर्षं चालवली. रात्री वेल्ह्याला गाडी लावायची, कंडक्टर आणि ते गाडीतच झोपायचे, आणि पहाटे पुढची काच पुसायला उतरलं की समोर तोरणा. काचेवर दव, फडकं फिरवलं की तेवढ्या गोलातून आधी तोरणाच दिसायचा. "पंधरा वर्षं पुसून पुसून बघितला," म्हणाले, "चढायला एक दिवस नाय मिळाला. पहिली गाडी सहाची असायची." रिटायर झाल्यावर त्यांनी आमचा ग्रुप शोधला तो त्यासाठीच. आधीचे तीन छोटे ट्रेक त्यांनी तयारी म्हणून केले होते, हे त्यांनी तेव्हा सांगितलं.

महाराजांनी तोरणा घेतला, तिथे सापडलेल्या धनातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला, असं आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. म्हणून ही दोन किल्ल्यांमधली धार चालताना मला नेहमी वाटतं की आपण उलट्या बाजूने चाललोय, धाकट्याकडून थोरल्याकडे. राजगड राजधानी होता, आग्र्याहून १६६६ च्या सप्टेंबरमध्ये महाराज परत आले ते इथेच. संजीवनीची ती तिहेरी लांबलचक माची, तिच्या कडेकडेने पुढे पसरलेली धार, आणि त्या धारेच्या टोकाला निळा तोरणा, बुधला वर काढून बसलेला. उपड्या ठेवलेल्या तेलाच्या बुधल्यासारखा दिसतो म्हणून बुधला माची. काका माचीवर दोन मिनिटं उभे राहिले, टोपी काढली, परत घातली.

मग आळू दरवाजा, आणि मग तो सोल.

दोरी बांधल्यावर तासभर चाललं. धारेवर डिसेंबरचं गवत वाळून सोनेरी झालेलं असतं, दिसायला फार सुंदर आणि पायाखाली साबण. त्याखाली मुरूम, घसारा. चांगल्या बुटाचाही पाय सरकतो. काका दोनदा बसले, म्हणजे पाय सरकून बसले, हात टेकला, उठले, काही बोलले नाहीत. मी त्यांच्या अगदी मागे नाही, दोन पावलं अंतर ठेवून चालत होते, फार जवळ चाललं की माणसाला ढकलल्यासारखं वाटतं आणि तो झेपेल त्यापेक्षा वेगात जातो. गप्पा मारत राहिले. एसटीच्या गोष्टी. पानशेतच्या पुढे घाटात गाडीत जन्मलेलं बाळ, पावसात ओढ्याला पाणी म्हणून रात्रभर अडकलेले पॅसेंजर. ते सांगत होते तोपर्यंत मला काळजी नव्हती. मग एका उतारावर ते मधेच थांबले, गोष्ट अर्धी सोडून. आणि मला दुसरा आवाज आला. डावा बूट.

साडेअकराला भुतोंड्याच्या खिंडीत उतरलो. इथे वेल्ह्याकडून भुतोंड्याला जाणारा डांबरी रस्ता ही धार ओलांडतो. आख्ख्या वाटेवर बाहेर पडायची ही एकच सोयीची जागा, पुढे गेलं की मग तोरणा चढून वेल्ह्यात उतरल्याशिवाय सुटका नाही. बाकीचे सोळा जण सावलीत बसले होते, धनगरवाड्यावरच्या एका मावशींनी ताकाची कळशी आणली होती. काकांना ताक दिलं, डावा बूट काढायला लावला. पुढून पूर्ण उघडलेला. आत तोच भुगा.

दोरी होती माझ्याकडे, टेपही होती. बांधता आला असता. पण पुढचा हिशोब असा होता, अजून साडेतीन-चार तास चढ, बुधल्याच्या अलीकडे कातळाचा टप्पा, आणि कातळावर दोरी बांधलेला बूट म्हणजे पायाखाली गोट्या. मग कोकण दरवाजा, मेंगाईच्या देवळापर्यंत पोचायला साडेचार-पाच, आणि बिनी दरवाज्याची वाट उतरेपर्यंत अंधार. चढताना बूट गेला तर माणूस थांबतो, उतरताना अंधारात गेला तर माणूस जातो. मी दादाला बाजूला घेतलं. त्याने एकच प्रश्न विचारला, "तुझं काय मत?" आणि मी सांगितलं.

मग काकांना सांगायचं काम माझं. शेवटी चालणाऱ्याचं हेच सगळ्यात अवघड काम आहे. माणसाला त्याच्या स्वप्नाच्या चार तास अलीकडे थांबवायचं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सरळ बोलले, काका, तुम्ही दमलेले नाही, तुमचे पाय उत्तम आहेत, बूट गेलेत, इथून आपण दोघं रस्त्याने वेल्ह्यात जाऊ. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. दोरी सोडली, परत बांधली, परत सोडली. मग म्हणाले, "अनवाणी येऊ का? गावाकडं अनवाणीच असायचो."

मला काही बोलता येईना. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "ब्रेक फेल गाडी घाटात घालायची नसते. मी पोरांना शिकवायचो डेपोत." आणि उठून उभे राहिले.

"पण ताई, तुम्ही कशाला? मी जाईन एकटा, रस्ता माझा पाठ आहे." आमच्याकडे कुणी एकटं परत जात नाही, असं मी म्हणाले, आणि ते आमच्याकडचं सगळ्यात जुनं वाक्य आहे.

आता मी खाली जाणार म्हणजे शेवटी कोण? आमच्यात एक मुलगी आहे, इंजिनिअरिंगला, एकवीस वर्षांची, दोन वर्षं सलग येतेय, नेहमी पुढे पळणारी. तिच्याकडे बघून मी फर्स्ट एडची बॅग काढली. तिचा चेहरा पडला हे मला दिसलं, कारण पुढे चालायची मजा मलाही माहितीये. तिच्या गळ्यात शिट्टी घातली, वॉकी दिला, टेप आणि दोरी दिली. सांगितलं, कुणाच्याही पुढे जायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. कातळाच्या टप्प्यावर आधी बाकीच्या पंधरांना वर जाऊ दे आणि मग तू, घाई करायला लागले तरी ऐकायचं नाही. आणि त्या हिरव्या टीशर्टवाल्या ताई पाणी पीत नाहीयेत, मी सकाळपासून बघतेय, त्यांच्याशी बोल. ती म्हणाली, "हो, मला माहितीये, त्या दोनदा मागे बघत होत्या." म्हणजे तिचंही लक्ष होतं, पुढे पळत असून. तिथे मी निश्चिंत झाले.

सोळा जण रस्ता ओलांडून चढाला लागले, झाडीत दिसेनासे झाले, मग बराच वेळ नुसते नंबर ऐकू येत होते. शेवटचा आवाज तिचा.

रस्त्याला अर्ध्या तासाने दुधाचा पिकअप मिळाला. ड्रायव्हरने काकांना ओळखलं! "मास्तर, तुम्ही? वेल्हे मुक्कामी?" मग पूर्ण रस्ताभर त्या दोघांच्या गप्पा, मी मागे कॅनांच्या मधे बसून ऐकत होते. काकांनी वेल्ह्यात उतरल्यावर पहिल्यांदा स्लिपर घेतल्या, बूट पिशवीत घातले. मला वाटलं टाकून देतील. म्हणाले, "नाय, वरचा भाग चांगलाय, मोच्याकडून नवीन सोल मारून घेतो, शिवून. पुढच्या खेपेला." पुढची खेप कधी ते त्यांनी मला विचारलं नाही, दादाला फोन लावून विचारलं, रेंज आल्या आल्या.

मग गाडी कुठे लावायचे ती जागा दाखवली. आता तिथे एक टपरी आहे. आम्ही टपरीसमोरच्या बाकड्यावर बसलो. समोर पूर्ण तोरणा. काका बोट दाखवून सांगत होते, ती बिनी दरवाज्याची वाट, तो झुंजार माचीचा कडा, पावसाळ्यात तिथून पाणी पडतं. कधी न चढलेल्या किल्ल्याची एवढी माहिती मी कुणाकडून ऐकली नव्हती. पावणेपाचला दादाचा फोन आला, देवळात पोचलो, सगळे बरे, हिरव्या टीशर्टवाल्या ताईंनी दोन बाटल्या पाणी संपवलं. काकांनी फोन मागून घेतला आणि विचारलं, "वेल्हं दिसतं का तिथनं? टपरीच्या पुढं आम्ही बसलोय." मग उठून उभे राहिले आणि खांद्यावरचा पंचा काढून हलवला. तिकडून कुणाला दिसणार नव्हतं, तरी दादा म्हणाला, "दिसतंय, काका."

सव्वासहाला अंधार पडला. गावात दिवे लागले, थंडी उतरली, टपरीवाल्याने चूल पेटवली. आणि वर, कड्याच्या वरच्या बाजूला, एक ठिपका दिसला. मग दुसरा. बिनी दरवाज्यातून टॉर्च बाहेर पडायला लागले, एकामागोमाग एक, मुंग्यांसारखे. काका मोठ्याने मोजत होते. सात, आठ, नऊ. बाराला थोडी गॅप पडली, मग तेरा, चौदा. पंधरा. पंधरावा टॉर्च बाहेर आला आणि थांबला. बाकीचे खाली सरकत होते, हा एका जागी. काका मोजायचे थांबले, मीही काही बोलले नाही. दोन मिनिटं गेली असतील. मग त्याच्या वर सोळावा आला, त्याच्यापाशी पोचला, आणि तरीही दोघं हलले नाहीत, पुढचे चौदाही आहे तिथे थांबले, पूर्ण दहा मिनिटं.

"बसवलं वाटतं पोरीला," काका म्हणाले.

मग सगळे टॉर्च एकदम हलले. टपरीवाल्याने विचारलं चहा टाकू का, मी म्हणाले अजून तास तरी लागेल. काकांनी परत वरून मोजायला सुरुवात केली.